हिब्रिस्टिकाची नोंद काढून टाका

ग्रीसमधल्या आर्गोस या नगरात प्राचीन काळी हिब्रिस्टिका नावाचा सण होत असे. त्या दिवशी बायका पुरुषांचे कपडे घालत आणि पुरुष बायकांचे. या सणाची चार ओळींची नोंद इंटरनेटवरच्या कोशांमधून वर्षानुवर्षं फिरते आहे. ती काढून टाकावी, असं माझं ठाम मत आहे. सण झालाच नाही, असं मी म्हणत नाही. तो होत असे याला चांगला आधार आहे. पण सण खरा असला म्हणून त्याच्याविषयी लिहिलेला मजकूर आपोआप खरा ठरत नाही, आणि नोंद ठेवावी की काढावी या वादात नेमकी हीच गल्लत होते. "अहो, प्लुटार्कनं उल्लेख केलाय ना, मग राहू द्या," असं कोणीतरी म्हणतं आणि विषय संपतो. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकानं काय लिहिलंय आणि नोंदीत काय आहे, हे शेजारीशेजारी ठेवून बघायची तसदी कोणी घेत नाही.

आधी ही नोंद आली कुठून ते पाहू. १७२८ साली लंडनमध्ये एफ्राइम चेंबर्सचा ‘सायक्लोपीडिया’ हा कोश छापला गेला. त्यात हिब्रिस्टिकाबद्दल दोन हकिगती एकापाठोपाठ दिल्या आहेत, त्याच या नोंदीत उतरल्या आहेत. पहिली अशी की, हा ग्रीकांचा बळी अर्पण करून साजरा होणारा मोठा सण. त्यात पुरुष बायकांच्या वेशात येत आणि बायका पुरुषांच्या. आणि हे सगळं व्हीनस या प्रेमदेवतेच्या सन्मानासाठी, मग तिला देव माना, देवी माना किंवा दोन्ही. दुसरी अशी की, इतर काहींच्या मते हा आर्गोसचा सण. त्यात पुरुषवेशातल्या बायका आपापल्या नवऱ्यांचा पाणउतारा करत, कारण पूर्वी आर्गोसच्या बायकांनी क्लिओमेनीस आणि डेमारेटस या स्पार्टाच्या राजांपासून नगर वाचवलं होतं.

इतक्या जुन्या पुस्तकांचा कॉपीराइट कधीच संपलेला असतो. त्यामुळे त्यातला मजकूर मुक्त कोशात जसाच्या तसा उतरवायला कायद्याची आडकाठी नसते. विकिपीडियाच्या सुरुवातीच्या वर्षांत पानं वाढवायची मोठी घाई होती, आणि तेव्हा जुन्या इंग्रजी कोशांतून अशी भरपूर भर घातली गेली. १९११ च्या ब्रिटानिकातले परिच्छेद तर अजूनही जागोजागी भेटतात. त्या काळी ते गैर नव्हतं, रिकाम्या कोशाला कुठून तरी सुरुवात करायची होती. पण १७२८ मध्ये ना आर्गोसचं उत्खनन झालं होतं, ना ग्रीक शिलालेखांचे पद्धतशीर संग्रह निघाले होते, ना जुन्या लेखकांमध्ये कोणी कोणाचं उचललं याचा नीट शोध घेतला गेला होता. ते वाक्य आजच्या पडद्यावर, आजच्या अक्षरात वाचणाऱ्याला त्याचं वय दिसत नाही.

आता प्लुटार्क. हा डेल्फीच्या अपोलो मंदिराचा पुजारी, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धातला आणि दुसऱ्याच्या आरंभीचा. स्त्रियांच्या पराक्रमाच्या गोष्टींचं एक छोटं पुस्तक त्यानं क्लिआ नावाच्या परिचित स्त्रीसाठी लिहिलं. तीही डेल्फीलाच धर्मकार्यात होती. पुरुषाचा आणि स्त्रीचा सद्गुण एकच, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. त्यात आर्गोसची गोष्ट येते. स्पार्टाच्या क्लिओमेनीसनं आर्गोसच्या पुरुषांची कत्तल केली आणि तो नगरावर चालून आला. तेव्हा तेलेसिल्ला या कवयित्रीच्या पुढाकारानं तरण्या बायकांनी शस्त्रं घेतली, तट लढवला, क्लिओमेनीसला मागे रेटलं आणि आत घुसलेल्या डेमारेटसला हाकलून लावलं. ज्या पडल्या त्यांना आर्गोसच्या रस्त्याकडेला पुरलं. ज्या वाचल्या त्यांना युद्धदेवाची मूर्ती उभारायचा मान मिळाला. आणि त्या लढाईच्या स्मरणार्थ आजही हिब्रिस्टिका होतो, बायका पुरुषांचे अंगरखे आणि झगे घालतात, पुरुष बायकांची वस्त्रं आणि डोक्यावरून घ्यायचे पदर, असं प्लुटार्क सांगतो. पुढे आणखी एक चमत्कारिक तपशील आहे. पुरुष उरले नाहीत म्हणून या बायकांची लग्नं आसपासच्या हलक्या समजल्या जाणाऱ्या लोकांशी लावून दिली. त्या नवऱ्यांना किंमत देईनात, म्हणून एक कायदा झाला की विवाहितेनं नवऱ्याशेजारी झोपताना खोटी दाढी लावावी.

नवऱ्यांचा पाणउतारा सणाच्या दिवशी होत असे, असं या मजकुरात कुठेही नाही. नवऱ्यांना कमी लेखण्याची गोष्ट आहे ती दाढीच्या कायद्यापाशी, सणापाशी नाही. कोणीतरी दोन शेजारची वाक्यं एकत्र मळली आणि त्यातून सणाचा एक नवाच विधी तयार झाला. व्हीनसचं, म्हणजे ॲफ्रोडाइटीचं, तर या हकिगतीत नावच नाही. मूर्ती उभारली ती युद्धदेवाची.

तेलेसिल्लाची गोष्ट तरी खरी का, हा पुढचा प्रश्न. क्लिओमेनीसची स्वारी इसवी सनापूर्वी ४९४ च्या सुमाराची. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकारानं ती त्यानंतर दोनेक पिढ्यांत लिहिली, आणि सविस्तर लिहिली. स्पार्टाच्या दवंडीकडे आर्गोसकर कान लावून बसतात हे क्लिओमेनीसच्या लक्षात आलं. त्यानं आपल्या माणसांना बजावलं की न्याहारीची दवंडी पिटली की हल्ला करा. आर्गोसकर जेवायला बसले आणि कापले गेले. जे देवराईत लपले त्यांना ‘तुमची खंडणी आली’ असं सांगून एकेकाला नावानं बाहेर बोलावलं आणि मारलं, मग देवराईच पेटवून दिली. यानंतर हिरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे क्लिओमेनीसनं बहुतेक सैन्य घरी धाडलं, हजार निवडक माणसं घेऊन हेरा या देवीच्या देवळात गेला आणि स्पार्टाला परतला. तिथे त्याच्यावर खटला भरला गेला. आरोप काय, तर लाच खाऊन आर्गोस घ्यायचं सोडलं! म्हणजे नगरावर हल्ला झालाच नाही. मग तटावरची लढाई कुठली? डेमारेटसचं तर त्याहून अवघड आहे. दोन्ही राजांनी एकाच मोहिमेवर जाऊ नये असा नियम स्पार्टानं त्याआधीच केला होता, हेही हिरोडोटसच सांगतो. तेलेसिल्लाचं नाव त्याच्याकडे नाही. आहे ती फक्त एक भविष्यवाणी: मादी नराला जिंकून हाकलेल तेव्हा आर्गोसच्या अनेक बायका गाल ओरबाडतील. या भविष्यवाणीचा अर्थ लावता लावताच तेलेसिल्लाची कथा उभी राहिली असावी, आणि वेश बदलण्याचा सण आधीपासून असून त्याला ही कथा नंतर जोडली गेली असावी, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

मराठी वाचकाला हा हिशोब शिकवावा लागत नाही. सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर वीसेक वर्षांच्या आतली आणि चिटणिसांची सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरची, म्हणून दोन्हींचं वजन आपण वेगळं धरतो. प्लुटार्क आणि ती स्वारी यांच्यामध्ये जवळजवळ सहाशे वर्षं आहेत. ज्याच्या आधारावर तो लिहितो तो आर्गोसचा सोक्रेटिस नावाचा इतिहासकार, त्याचे ग्रंथ आज हाती नाहीत.

तरीही प्लुटार्कबद्दल मला आदर वाटतो, कारण तो शंका लपवत नाही. मेलेल्या आर्गोसकरांचा आकडा काही लोक ७,७७७ सांगतात, पण ती दंतकथा आहे, असं तो स्वतःच म्हणतो. लढाईच्या तिथीबद्दल दोन मतं आहेत, तीही देतो. बायकांची लग्नं गुलामांशी झाली असं हिरोडोटस सुचवतो, ते चुकीचं आहे असा वाद घालतो. यानंतर काही दशकांतच पॉलिएनस नावाच्या लेखकानं हीच गोष्ट युद्धातल्या युक्त्यांच्या आपल्या संग्रहात घातली. तिथे ७,७७७ हा आकडा सरळ आला आहे, दंतकथा वगैरे काही नाही. शंका गळून पडायला इतकीच वर्षं लागली. पुढची सोळा शतकं ओलांडून चेंबर्सपर्यंत येता येता काय काय गळलं असेल, याची कल्पना यावरून यावी. आणि इंटरनेटवरच्या नोंदीत तर गळायला काही उरलेलंच नाही, नुसतं विधान उरलं आहे.

व्हीनसच्या भागाबद्दलही सांगायला हवं. इसवी सनाच्या पाचव्या शतकातला रोमन लेखक मॅक्रोबियस सायप्रसमधल्या एका दाढीवाल्या ॲफ्रोडाइटीच्या मूर्तीचं वर्णन करतो: वस्त्रं बाईची, दाढी पुरुषाची. त्याच ठिकाणी तो फिलोकोरस या जुन्या अथेन्सकर इतिहासकाराचा हवाला देतो, की या देवतेला बळी देताना पुरुष बायकांच्या वेशात असतात आणि बायका पुरुषांच्या. देव, देवी किंवा दोन्ही, हे चेंबर्सचे शब्द इथल्या वर्णनाशी तंतोतंत जुळतात. आर्गोसशी, तेलेसिल्लाशी, हिब्रिस्टिकाशी याचा संबंध मॅक्रोबियस कुठेही जोडत नाही. दोन वेगळ्या मुलखांतले, दोन वेगळ्या देवतांचे विधी केवळ वेशबदल या एका साम्यावर एका नावाखाली आले. पॉसेनियस हा प्रवासी दुसऱ्या शतकात आर्गोसला गेला होता. त्यानं तिथल्या ॲफ्रोडाइटीच्या देवळापाशी तेलेसिल्लाची कोरलेली प्रतिमा पाहिली: पायाशी पुस्तकं टाकलेली, हातात शिरस्त्राण, ते डोक्यावर चढवायच्या बेतात. मला हे सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर साक्षीपत्र वाटतं. पण त्यावरून हिब्रिस्टिका ॲफ्रोडाइटीचा सण ठरत नाही. तसं सुचवायचं असेल तर सुचवणाऱ्यानं स्वतःच्या नावानं, युक्तिवादासह लिहावं. कोशानं ते सिद्ध झाल्यासारखं मांडू नये.

"मग दुरुस्त करा की, काढता कशाला?" हा आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि तो प्रामाणिक आहे. मुक्त कोशाची सगळी श्रद्धा याच गोष्टीवर उभी आहे की आज चुकलेलं उद्या कोणीतरी सुधारेल. गर्दीच्या पानांवर ते घडतंही. नेहरूंच्या किंवा पानिपताच्या पानावर चूक घाला, तासाभरात कोणीतरी ती उलटवण्याची शक्यता मोठी. आर्गोसच्या विस्मृत सणाच्या पानावर पहारा द्यायला कोण बसलं आहे? तिथे ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लागते, आणि मग ती पाटीच पानाचा कायमचा भाग होऊन बसते. चार-सहा वर्षं वाट पाहूनही कोणी आलं नाही, तर ‘सुधारता येईल’ या शक्यतेच्या भरवशावर वाचकाला चुकीचं देत राहायचं का?

याचं एक उदाहरण आपल्या अगदी घरचं आहे. २००७ साली इंग्रजी विकिपीडियावर डिचोलीच्या संघर्षाचं एक पान तयार झालं. गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४०-४१ मध्ये डिचोलीला युद्ध झालं, तह झाला, अशी साडेचार हजार शब्दांची तपशीलवार कहाणी. खाली ग्रंथांची यादी. काही महिन्यांतच त्या पानाला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला आणि तो पाच वर्षं टिकला. अखेर एका संपादकानं यादीतली पुस्तकं शोधायला घेतली, तेव्हा ती पुस्तकं अस्तित्वातच नाहीत असं निघालं. २०१२ च्या शेवटी पान काढलं गेलं. १६३० साली जन्मलेले शिवाजीमहाराज तेव्हा दहा वर्षांचे होते. मराठा साम्राज्य कुठून आलं, हा प्रश्न आपल्याकडच्या शाळकरी मुलानंही विचारला असता. महाराजांची बारदेशावरची खरी स्वारी १६६७ ची. डिचोली तालुक्यातल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार त्यांनी १६६८ मध्ये केला. ज्यांना हे ठाऊक होतं ते त्या पानावर पोचले नाहीत, आणि जे पोचले त्यांना हे ठाऊक नव्हतं. आडवळणाच्या विषयांचं नेहमी हेच होतं. हिब्रिस्टिकाची नोंद कोणी मुद्दाम रचलेली नाही, हा फरक मी मान्य करतो. वाचणाऱ्याच्या पदरात पडतं ते मात्र सारखंच.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. छापील पुरावा मागायला लागलो तर छोट्या लोकांचे छोटे सण कोशातून पुसले जातील; उद्या एखाद्या ग्रामदैवताच्या जत्रेचं पानही ‘संदर्भ नाही’ म्हणून काढतील. ही भीती खरी आहे. इंग्रजी पुस्तकात नाही म्हणून आपल्याकडच्या जत्रांची पानं काढायचा आग्रह धरला जातो तेव्हा मीही ती ठेवण्याच्या बाजूनं बोलतो. पण जत्रा जिवंत आहे. पुढच्या चैत्रात जाऊन पालखी कुठून निघते, मान कोणाचा, नवस कसे फेडतात ते पाहता येतं, फोटो काढता येतो, गुरवाला विचारता येतं, जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आणि स्थानिक वर्तमानपत्रात तपासता येतं. चूक असेल तर गावच उभं राहून सांगेल. आर्गोसच्या त्या बायका आता काही सांगायला येणार नाहीत. त्यांच्या वतीनं बोलणारे लेखक हातावर मोजण्याइतके, आणि त्या लेखकांच्या तोंडी त्यांनी न म्हटलेलं घातलं तर हरकत घ्यायला कोणी उरलेलं नाही. म्हणून संपलेल्या सणाच्या नोंदीला कडक नियम हवा, चालू सणाच्या नोंदीला थोडा सैल. दोघांना एकाच मापानं मोजणाऱ्यांशी माझा वाद आहे.

आणि या चार ओळींनी काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यांनी त्या कुठवर जातात ते पाहावं. इंग्रजी पानावरून भाषांतराच्या साधनानं काही मिनिटांत मराठी पान तयार होतं. पुढे कधी इंग्रजी पान काढलं, तरी मराठी पान तसंच राहतं, कारण प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपला कारभार आपण पाहतो. प्रश्न विचारल्यावर उत्तर देणाऱ्या यंत्रांच्या पोटात हीच वाक्यं जातात आणि तिथून ती कोणाची, कधीची, हे काहीही न सांगता बाहेर येतात. स्त्री-पुरुष वेशाबद्दल आज जो वाद चालू आहे त्यात ‘प्राचीन ग्रीसमध्ये तर असा सणच होता’ असा दाखला द्यायला ही नोंद अगदी सोयीची आहे, आणि ‘बायका नवऱ्यांचा पाणउतारा करत’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनाही तितकीच सोयीची. दोघांनाही मी सांगेन की तुमची बाजू चांगल्या पायावर मांडा.

मराठीत कोश करणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. केतकरांनी ज्ञानकोश काढला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईहून विश्वकोश उभा केला, महादेवशास्त्री जोशींनी संस्कृतिकोशाचे दहा खंड पुरे केले. तिथल्या संपादकांकडे आलेली प्रत्येक नोंद छापली जात नसे. परत जाई, कापली जाई, रद्द होई. मुक्त कोशात तो संपादक म्हणजे आपण सगळे. मग नोंद रद्द करायची वेळ आली की ‘ज्ञान पुसलं जातंय’ अशी ओरड का व्हावी, हे मला समजत नाही. १७२८ चा कोश ग्रंथालयात आहे, ऑनलाइनही आहे. चेंबर्स काय म्हणाला हे ज्याला हवं त्याला तिथे मिळेल.

काढण्याची रीत ठरलेली आहे. इंग्रजी विकिपीडियावर असा प्रस्ताव आला की साधारण सात दिवस उघड चर्चा चालते, आणि शेवटी नुसती डोकी न मोजता मुद्दे तोलले जातात. ठेवा आणि वगळा या दोनच वाटा नसतात. विलीन करता येतं, पुनर्निर्देशन देता येतं. मराठीत ‘पानकाढा’चा साचा लावून चर्चापानावर कारण लिहायचं, प्रचालक ते पाहतात. हिब्रिस्टिकाच्या बाबतीत मी आहे तो सगळा मजकूर काढून ते नाव तेलेसिल्लाच्या पानाकडे वळवावं असं म्हणेन. शोधणारा रिकाम्या हातानं परत जाणार नाही. त्या पानावर एवढा परिच्छेद पुरे:

‘प्लुटार्कच्या काळी, इ.स. १०० च्या सुमारास, आर्गोसमध्ये हिब्रिस्टिका नावाचा सण होत असे. त्यात स्त्रिया पुरुषांचे आणि पुरुष स्त्रियांचे कपडे घालत. आर्गोसकर या सणाचा संबंध क्लिओमेनीसच्या स्वारीत तेलेसिल्लाने केलेल्या नगररक्षणाशी जोडत. स्वारीनंतर सुमारे दोन पिढ्यांनी लिहिणाऱ्या हिरोडोटसच्या वृत्तांतात नगरावरचा हल्ला किंवा तेलेसिल्ला यांचा उल्लेख नाही.’

प्लुटार्क आणि हिरोडोटस यांच्या ग्रंथातली नेमकी ठिकाणं खाली द्यावीत. सायप्रसच्या दाढीवाल्या देवतेची हकिगत मॅक्रोबियसच्या नावानं त्या देवतेच्या पानावर न्यावी. नवऱ्यांच्या पाणउताऱ्याचं वाक्य कुठेही नेऊ नये. कोणाला एखाद्या प्राचीन लेखकात ते सापडलं, तर त्यानं ओळ दाखवावी आणि मग घालावं. आणि आर्गोसच्या सणांचा नीट अभ्यास केलेलं कोणी उद्या हिब्रिस्टिकावर स्वतंत्र पान लिहायला बसलं, तर मोकळी जागा त्याची वाट पाहत असेल.